भारतरत्न : किताब नव्हे, कृतज्ञता

राजेशाहीत मानमरातबाची रीत सोपी होती. राजा प्रसन्न झाला म्हणजे इनाम मिळे, पालखीचा मान मिळे, नावाला बिरुद लागे. आणि ते बिरुद पुढे मुलानातवांपर्यंत चाले. लोकशाहीत राजा नसतो आणि सर्व नागरिक कायद्यापुढे सारखे असतात. अशा राष्ट्राला आपल्या एखाद्या थोर माणसाचे ऋण जाहीरपणे मान्य करावयाचे झाले, तर ते कसे करावे? सन्मान करावा तर एक माणूस इतरांहून वरचा ठरतो. न करावा तर राष्ट्र कृतघ्न ठरते.

भारताने या पेचातून काढलेली वाट म्हणजे 'भारतरत्न' हा तेथील सर्वोच्च नागरी सन्मान. हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मानकऱ्यांची छायाचित्रेही आपण वर्तमानपत्रांतून पाहिलेली आहेत. तथापि हा सन्मान दोनदा खंडित झाला होता, त्याच्या वैधतेविषयी सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला होता, आणि त्याचे पहिले चारही मराठी मानकरी कोकणाशी नाते सांगणारे होते, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. कोकण ही आपल्या वाडवडिलांची भूमी असल्यामुळे हा इतिहास आपल्या घरातलाच म्हटला पाहिजे.

किताबांचा काळ

इंग्रजी अमदानीत किताबांची मोठी उतरंड होती. १८६१ साली 'स्टार ऑफ इंडिया' आणि १८७८ साली 'इंडियन एम्पायर' या नावांच्या श्रेणी निघाल्या. त्या मुख्यत्वे संस्थानिक व बडे अधिकारी यांच्यासाठी. त्याखालचे किताब मध्यम दर्जाच्या सरकारी नोकरांना, दानशूर व्यापाऱ्यांना आणि सरकारशी निष्ठावंत असलेल्या प्रतिष्ठितांना मिळत. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. हिंदू गृहस्थास रावसाहेब किंवा रावबहादूर म्हणावयाचे, मुसलमान किंवा पारशी गृहस्थास खानसाहेब किंवा खानबहादूर, आणि शीख गृहस्थास सरदारसाहेब किंवा सरदारबहादूर. काम एकच, सचोटी एकच, परंतु किताब मात्र धर्म पाहून वेगळा!

आपल्या समाजानेही हे किताब पाहिले आहेत. देशी पलटणींत पराक्रम गाजवणारे बेने इस्राएल सुभेदार सरदार बहादूर झाले, मुलकी खात्यांतील आणि संस्थानांतील अधिकारी खान बहादूर झाले. छातीवर पदके लावून काढलेली त्यांची छायाचित्रे अनेक कुटुंबांनी जपून ठेवली आहेत, आणि ती जपलीच पाहिजेत, कारण त्यांमागचे शौर्य व कष्ट खरे होते. परंतु देणारे सरकार परके होते, आणि त्याच्या मानात राजनिष्ठेची अपेक्षा गुंफलेली होती. म्हणूनच जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी 'सर' हा किताब सोडला, आणि १९२० साली गांधीजींनी आपले 'कैसर-ए-हिंद' पदक सरकारला परत केले. किताब परत करणे हेच त्या काळी देशभक्तीचे चिन्ह ठरले.

स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार होत असता ही आठवण ताजी होती. घटनेच्या कलम १८ ने किताब रद्दच करून टाकले. लष्करी व शैक्षणिक पदव्यांखेरीज राज्यसंस्थेने कोणताही किताब देऊ नये, आणि भारतीय नागरिकाने परकीय राज्याकडून किताब स्वीकारू नये, असे ते कलम सांगते. घटनासमितीत या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मार्मिक मुद्दा मांडला होता. किताब न स्वीकारणे हा काही नागरिकाचा हक्क नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे, नागरिकत्व टिकण्याची ती एक अट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांच्या समाजाला शतकानुशतके जन्मावरून पायरी नेमून दिली गेली होती, त्यांना नावाला चिकटणाऱ्या उच्चनीचतेचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता.

२ जानेवारी १९५४

या पार्श्वभूमीवर, प्रजासत्ताक स्थापन होऊन चार वर्षे होत आली असता, २ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सचिवालयाने दोन नव्या सन्मानांची घोषणा केली. एक 'भारतरत्न' आणि दुसरा 'पद्मविभूषण'. पद्मविभूषणाचे तीन वर्ग होते आणि त्यांची नावे अगदी साधी होती : पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. सन्मानितांना 'तिसऱ्या वर्गाचे' म्हणणे बरे दिसेना, म्हणून की काय, जानेवारी १९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री ही आज रूढ असलेली नावे मिळाली.

भारतरत्न कला, साहित्य व विज्ञान यांतील असामान्य कार्यासाठी आणि अत्युच्च दर्जाच्या लोकसेवेसाठी द्यावयाचे असे ठरले. वंश, व्यवसाय, हुद्दा किंवा स्त्रीपुरुष असा कोणताही भेद त्यात करावयाचा नव्हता. शिफारस पंतप्रधानांनी राष्ट्रपतींकडे करावी, आणि एका वर्षी तिघांहून अधिकांना हा मान देऊ नये, असा दंडक पडला. १९९९ साली चौघांना व २०२४ साली पाच जणांना तो जाहीर झाल्याने हा दंडक पुढे मोडला, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या वर्षीचे तिघे मानकरी पाहिले म्हणजे आरंभ किती विचारपूर्वक झाला हे कळते. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे हिंदी गव्हर्नर-जनरल. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे जगन्मान्य तत्त्वज्ञ. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९३० सालीच मिळाले होते. एक राजकारणी, एक तत्त्वचिंतक, एक वैज्ञानिक. १९५५ साली डॉ. भगवान दास, अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि पंडित जवाहरलाल नेहरू यांची नावे आली.

या सन्मानाबरोबर पैसा नसतो. जमीन नाही, निवृत्तिवेतन नाही. राष्ट्रपतींच्या सहीची एक सनद आणि एक पदक, एवढेच हाती येते. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत '७ अ' हे स्थान मिळते. मात्र नावाच्या आधी किंवा नंतर 'भारतरत्न' हा शब्द बिरुदासारखा लावता येत नाही. मान घरी न्यावा, नावाला जोडू नये, असा हा संकेत आहे, आणि साऱ्या व्यवस्थेचे मर्म त्यातच आहे.

पिंपळाचे पान

प्रथम ठरलेले पदक गोल होते. सोन्याचे, ३५ मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूस सूर्य आणि देवनागरीत 'भारतरत्न' ही अक्षरे, दुसऱ्या बाजूस राजमुद्रा. पदके जगभर अशीच असतात. परंतु वर्षभरातच हा आराखडा बदलला आणि पदकाने पिंपळपानाचा आकार घेतला. हे पान सुमारे ५.८ सेंटिमीटर लांब, ४.७ सेंटिमीटर रुंद व ३ मिलिमीटरहून किंचित अधिक जाड असते. पान काशाचे, त्यावरील सूर्य व कडा प्लॅटिनमच्या, आणि मागे राजमुद्रेसह 'सत्यमेव जयते' हे ब्रीद. पांढऱ्या फितीने ते गळ्यात घातले जाते. कलकत्त्याच्या अलीपूर टांकसाळीत ही पदके घडतात.

नाव 'रत्न' असले तरी त्यात रत्न एकही नाही. आहे ते झाडाचे पान. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही पिंपळपानाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. लहान मुलाच्या कपाळावर रुळणाऱ्या दागिन्याला आपण पिंपळपानच म्हणत असू. शाळेत असताना पुस्तकात ठेवलेल्या पानाची हिरवाई जाऊन नाजूक जाळी उरलेली आपण पाहिली आहे. जे वरवरचे ते झडून गेल्यावर जे शिल्लक राहते, त्याचा हा सन्मान, असे कोणी म्हटले तर ते वावगे होणार नाही.

कोकणाचे चौघे

आता त्या चार मराठी मानकऱ्यांकडे वळू.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली येथे झाला व बालपण मुरूड गावी गेले. परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेस न बसताच परत आला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पुढे त्याच आनंदीबाई झाल्या. या विवाहाबद्दल मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही. त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारून विधवांसाठी आश्रम काढला, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असता, ते भारतरत्न झाले. सर्वांत अधिक वयाचे मानकरी म्हणून त्यांचा उच्चांक अद्याप कोणी मोडलेला नाही.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे १९६३ सालचे मानकरी. चिपळूण परिसरात १८८० साली जन्मलेले काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत, आणि उरलेला वेळ टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात घालवीत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी त्यांनी धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावयास घेतला. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंड झाली. पहिला खंड १९३० साली आणि शेवटचा १९६२ साली निघाला. बत्तीस वर्षे, साडेसहा हजारांवर पृष्ठे, आणि लेखक एकटा! ज्या समाजाने तोरा, मिश्ना व तालमूद यांच्या अध्ययनाला सर्वांत श्रेष्ठ कर्म मानले, त्याला अशा तपश्चर्येची किंमत निराळी सांगावयास नको.

तिसरे विनोबा भावे. त्यांचे जन्मगाव गागोदे, तालुका पेण, जिल्हा तेव्हाचा कुलाबा व आताचा रायगड. म्हणजे अगदी आपल्याच मुलखातले. पेणकर आडनावाच्या आपल्या कुटुंबांनी हे ऐकून अभिमान बाळगावा. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदानाचा आरंभ केला. भूमिहीन दलितांनी जमीन मागितली, आणि गावातीलच एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देश पायी तुडवीत, धनवानांपुढे हात पसरीत हिंडले. हातात सत्ता नाही, मागे कायदा नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला, आणि १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

चौथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा जन्म महू येथील छावणीत झाला, पण घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावाच्या नावास 'कर' जोडून आडनाव करण्याची कोकणची रीत आपल्या चेऊलकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर या कुटुंबांत जशी आहे तशीच या नावातही आहे. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. हे महाडही कुलाबा जिल्ह्यातले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तेथे माणसाने पाणी प्यायल्याबद्दल सत्याग्रहींना मारहाण झाली, आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. पुढे हाच पुरुष राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. भारतरत्न त्यांना १९९० साली मिळाले, आणि १४ एप्रिल रोजी श्रीमती सविता आंबेडकर यांनी ते राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या हस्ते स्वीकारले.

या चौघांतील दोघांचे चरित्र शेजारी ठेवून पाहावे. एकाला गावाने वाळीत टाकले, दुसऱ्याच्या हाताचे पाणी विटाळ मानले. ज्यांना शेजारपाजारच्या जगाने नाकारले, त्यांनाच राष्ट्राने पुढे आपले रत्न म्हटले. सर्वोच्च सन्मानाचे खरे सामर्थ्य कोणते, असे विचारल्यास हेच म्हणावे लागेल. जवळच्यांनी केलेला न्याय चुकला होता, ही कबुली दूरच्या राजधानीने द्यावी, यात त्या पिंपळपानाचे मोल आहे.

कायद्याची कसोटी

परंतु किताब बंद करणाऱ्या घटनेखाली असा सन्मान देता येतो काय, हा मूळ प्रश्न मिटला नव्हता. १९६९ साली आचार्य कृपलानी यांनी असे सन्मान बंद करावेत यासाठी लोकसभेत विधेयक मांडले. मागल्या दाराने किताबच परत आले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. विधेयक फेटाळले गेले, तरी मुद्दा जिवंत राहिला. १९७७ साली केंद्रात सत्तांतर झाले, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात हे सर्व नागरी सन्मान थांबविले. २५ जानेवारी १९८० रोजी, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर, ते पुन्हा सुरू झाले, आणि त्या वर्षी मदर तेरेसा भारतरत्न झाल्या. काळाचा महिमा असा की, ज्यांच्या कारकिर्दीत हा सन्मान बंद झाला, त्या मोरारजींना स्वतःलाच तो १९९१ साली देण्यात आला.

पुढे दोन उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्या. १९९२ पासून सन्मान पुन्हा खोळंबले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर गेले. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला. भारतरत्न व पद्म सन्मान हे कलम १८ च्या अर्थाने किताब नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. घटनेने नागरिकांना उत्तमतेचा ध्यास धरण्याचे कर्तव्य सांगितले आहे. तर मग उत्तम कार्याची दखल घेण्याची सोयही राष्ट्राजवळ असली पाहिजे, असा युक्तिवाद न्यायमूर्तींनी मान्य केला. मात्र त्याच वेळी त्यांनी एक कुंपण घातले. हे शब्द नावाच्या मागेपुढे लावता कामा नयेत. जो लावील त्याचा सन्मान काढून घेता येईल. निवडीत संयम हवा, अशी समजही न्यायालयाने दिली.

या निकालात एक सूक्ष्म भेद आहे आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. किताब माणसाला वेगळे नाव देतो, म्हणजे तो माणूस कोण आहे हेच बदलतो. सन्मान माणसाला होता तसाच ठेवतो आणि त्याच्या कामाकडे बोट दाखवितो.

राजकारण आणि उशीर

असे असले तरी मानवी हातांनी दिलेल्या मानात मानवी दोष येणारच. पंडित नेहरूंना १९५५ साली आणि इंदिरा गांधींना १९७१ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा दोघेही पंतप्रधानपदावर होते. शिफारस करणारे पदच सन्मानित व्हावे काय, ही चर्चा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. तमिळनाडूचे मुख्यमंत्री व चित्रपट-अभिनेते एम. जी. रामचंद्रन यांना मृत्यूनंतर अल्पावधीतच, १९८८ साली, हा मान मिळाला, तेव्हा येऊ घातलेल्या निवडणुकीशी त्याचा संबंध टीकाकारांनी जोडला. २०२४ साली, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, एकाच वर्षी पाच नावे जाहीर झाली, तेव्हाही अशीच कुजबुज झाली.

दुसरा दोष उशिराचा. सरदार वल्लभभाई पटेल १९५० साली वारले. त्यांना भारतरत्न मिळाले १९९१ साली. पंडित मदनमोहन मालवीय १९४६ सालीच निवर्तले होते. त्यांना ते मिळाले २०१५ साली. १९५४ च्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती. ती १९५५ साली झाली, आणि तिचा पहिला उपयोग १९६६ साली लालबहादूर शास्त्री यांच्यासाठी झाला. २०२४ अखेर झालेल्या ५३ मानकऱ्यांपैकी १८ जणांचा गौरव मरणोत्तर झाला आहे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! स्त्रिया मात्र पाचच : इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि लता मंगेशकर.

एकदा तर सन्मान जाहीर होऊनही दिला गेला नाही. १९९२ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांना तो मरणोत्तर जाहीर झाला. नेताजींच्या मृत्यूविषयीच वाद असताना 'मरणोत्तर' म्हणावयाचे कसे, असा आक्षेप निघाला. अखेरीस १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द मानली. काही माणसे सन्मानाच्या चौकटीत मावत नाहीत, हेच खरे.

तरीही चौकट काळानुसार रुंदावली. १९८७ साली सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान आणि १९९० साली नेल्सन मंडेला यांना हा मान देऊन भारताने नागरिकत्वाची सीमा ओलांडली. २०११ च्या डिसेंबरात नियम बदलून मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र पात्र ठरविण्यात आले, आणि म्हणूनच २०१४ साली सचिन तेंडुलकर हे या सन्मानाचे पहिले क्रीडापटू व चाळिशीतील सर्वांत तरुण मानकरी होऊ शकले. शंभर वर्षांचे कर्वे आणि चाळीस वर्षांचे तेंडुलकर. वयाची ही दोन्ही टोके महाराष्ट्राच्या वाट्याला आली आहेत.

आपला समाज आणि सन्मान

भारतरत्न आपल्या समाजातील कोणास मिळालेले नाही. परंतु त्याच वर्षी जन्मलेल्या पद्म सन्मानांच्या यादीत आपली माणसे आहेत, आणि ती कोणत्या कामासाठी आहेत हे पाहण्यासारखे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा त्यांनी दीर्घकाळ सांभाळली होती. 'बूट पॉलिश' या चित्रपटातील जॉनचाचांच्या भूमिकेने घराघरांत पोहोचलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर १९६९ साली, अहमदाबादचे कांकरिया प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड १९७५ साली, आणि इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल १९८८ साली पद्मश्री झाले. एक रुग्णसेवा, एक अभिनय, एक मुक्या प्राण्यांची माया आणि एक काव्य. खानबहादुरांच्या काळी यांना धर्म पाहून किताब मिळाला असता. प्रजासत्ताकाने त्यांचे काम पाहिले.

इस्राएलनेही किताबांची वाट धरली नाही. १९५३ पासून स्वातंत्र्यदिनी जेरुसलेममध्ये दिले जाणारे 'इस्राएल पारितोषिक' विद्या, कला व समाजसेवा यांसाठी असते, आणि राष्ट्राध्यक्ष शिमोन पेरेस यांनी २०१२ साली राष्ट्राध्यक्षांचे सन्मानपदक सुरू केले. मुंबईत जन्मलेले पारशी संगीतकार झुबिन मेहता यांना भारताचे पद्मविभूषण व इस्राएलचे हे पदक, असे दोन्ही मान मिळाले आहेत. आपल्या दोन्ही देशांना जोडणारे असे नाव विरळा.

येथे एका आठवणीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९६०नंतरच्या काही वर्षांत या देशात आपल्या तरुण-तरुणींच्या विवाहप्रसंगी वंशाची चौकशी होऊ लागली, आणि आपण पूर्ण यहुदी आहोत की नाही असा प्रश्न आपणांस विचारला गेला. आपल्या ज्येष्ठांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने जाहीर केले की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. त्या ठरावाबरोबर पदक नव्हते, सनद नव्हती. परंतु तुम्ही कोण, हा प्रश्न त्याने मिटविला. आणि तो मिटल्यावाचून तुम्ही काय केले, या प्रश्नाला अर्थच नसतो. महाडच्या तळ्यावर आणि जेरुसलेमच्या रस्त्यावर माणसे जे मागत होती ते एकच होते. आधी बरोबरी, मग गौरव. बरोबरीवाचून मिळालेला गौरव म्हणजे पुन्हा किताबच.

म्हणून भारतरत्नाच्या इतिहासाकडे केवळ मोठ्या नावांची यादी म्हणून पाहू नये. सर्वांना सारखे मानूनही एखाद्याचे ऋण उघडपणे मान्य कसे करावे, हे शिकू पाहणाऱ्या राष्ट्राची ती सत्तर वर्षांची वाटचाल आहे. तिच्यात चुका आहेत, विलंब आहे, राजकारण आहे. परंतु वाळीत पडलेल्या मास्तरांना शंभराव्या वर्षी शोधून काढण्याची बुद्धीही तिच्यातच आहे.

आपल्या समाजातही अशी माणसे आहेत. मोशावांत पहिली विहीर खणणारे, विकासनगरांच्या शाळांत व रुग्णालयांत आयुष्य वेचणारे, प्रार्थनामंदिराचा हिशेब चाळीस वर्षे बिनचूक ठेवणारे, आणि कीर्तनाच्या चाली मुखोद्गत राखून पुढच्या पिढीला देणारे. त्यांना कोणती सनद मिळणार नाही, आणि ते तिची वाटही पाहत नाहीत. मरणोत्तर सन्मानांची वर दिलेली संख्या आपण ध्यानात ठेवावी, आणि त्यांचे आभार ते हयात असताना, त्यांच्या मुलाबाळांसमोर, त्यांच्या कानी पडतील असे मानावेत. त्यासाठी राष्ट्रपतींची सही लागत नाही.